शासनातील भ्रष्टाचार : एक कारणमीमांसा

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकारिणीने ह्या वर्षी 'शासनातील भ्रष्टाचाराची कारणे' हा विषय आमच्याकडे सोपवला. आम्ही कला शाखेचे साधे पदवीधर. पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. कायद्याचे किंवा अर्थशास्त्राचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. परंतु गेली वीस-बावीस वर्षे दुसऱ्याचा पैसा मोजण्याचे काम केल्यामुळे पैसा कोठे गळतो आणि का गळतो, ह्याविषयी काही विचार मनात आले आहेत. ते आपल्यापुढे ठेवतो. पटतील ते घ्यावेत, न पटतील ते सभेनंतर आम्हाला सांगावेत.

भ्रष्टाचाराचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर ऐकू येते. माणूस लोभी झाला, मूल्ये ढासळली, कलियुग आले. हे उत्तर सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच निरुपयोगी आहे. लोभ हे जर एकमेव कारण मानले, तर उपाय म्हणून फक्त प्रवचन उरते. शिवाय लोभ काही आजचा नाही. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखवले आहेत. लोभ सर्व काळी आणि सर्व देशांत आहे. तरीही काही खात्यांत लाच चालते आणि काहींत चालत नाही. एकाच माणसाची एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बदली झाली, तर तो पहिल्या ठिकाणी घेतो आणि दुसऱ्या ठिकाणी घेत नाही. माणूस तोच, त्याचा लोभही तोच. मग बदलले काय? टेबल बदलले. म्हणून आमचे म्हणणे असे की, कारण शोधायचे तर माणसाच्या मनात डोकावण्याआधी त्याच्या टेबलाकडे पाहावे.

बँकेचे उदाहरण घेऊ. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याखेरीज तिजोरी उघडत नाही. कारकुनाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय पुरी होत नाही. दिवसअखेर रोकड आणि हिशेब जुळलेच पाहिजेत. दहा रुपयांचा फरक आला तरी तो शोधत बसावे लागते. नाजूक जागेवर काम करणाऱ्यास ठरावीक काळाने सक्तीच्या रजेवर पाठवतात आणि त्या काळात त्याचे काम दुसऱ्याकडे देतात, म्हणजे काही दडवलेले असेल तर वर येते. आम्ही बँकवाले काही संत नाही. आमच्यातही पगार न पुरणारे, कर्जात बुडालेले, मुलीच्या लग्नाच्या काळजीत असलेले लोक आहेत. तरीही रोज लाखो रुपये त्यांच्या हातांतून जातात आणि संध्याकाळी हिशेब जुळतो. ह्याचे श्रेय माणसांच्या थोरवीपेक्षा दोन किल्ल्यांना जास्त आहे.

बँकांत घोटाळे होत नाहीत काय? होतात. पण ते कोठे होतात ते पाहा. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतला घोटाळा उघडकीस आला. रक्कम तेरा हजार कोटी रुपयांच्या वर गेली. परदेशी बँकांना हमीचे संदेश ज्या यंत्रणेतून जात होते, ती यंत्रणा बँकेच्या रोजच्या हिशेबाच्या संगणकाशी जोडलेलीच नव्हती. संदेश गेले, त्यांची नोंद खात्यांत झाली नाही, आणि वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागला नाही. ज्या दारावर दुसरी किल्ली नव्हती, त्याच दारातून चोरी झाली.

आता शासनाकडे वळू. आपल्या देशात ह्या प्रश्नाचा पहिला मोठा अभ्यास संथानम समितीने केला. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना १९६२ साली ही समिती नेमली गेली आणि १९६४ साली तिचा अहवाल आला. केंद्रीय दक्षता आयोग त्याच वर्षी तिच्या शिफारशीवरून स्थापन झाला. ह्या समितीने भ्रष्टाचाराची मुख्य कारणे चार सांगितली : कामातील दिरंगाई, पेलणार नाही इतके नियंत्रण शासनाने स्वतःकडे घेणे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले निर्णय, आणि किचकट कार्यपद्धती. साठ वर्षे उलटून गेली तरी ही यादी जुनी झालेली नाही.

पहिले कारण दिरंगाई. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. परंतु ह्या सहा महिन्यांना बाजारभाव आहे. संथानम समितीने नेमके हेच दाखवले की, पुष्कळ वेळा लाच देणारा बेकायदा काम करून मागत नाही. त्याचे काम कायदेशीरच असते. त्याला ते फक्त लवकर हवे असते. म्हणून तो फाइलीवर 'वजन' ठेवतो. एकदा वजनाची सवय लागली की, वजन नसलेली फाइल मुद्दाम मागे राहू लागते. म्हणजे आधी दिरंगाईतून लाच जन्मते आणि मग लाचेसाठी दिरंगाई केली जाते.

दुसरे कारण नियंत्रण आणि टंचाई. आपल्यातील वडीलधाऱ्यांना सिमेंटचे परमिट आठवत असेल. घर बांधायचे तर सिमेंट सरकारी वाटपातून घ्यावे लागे. त्या काळात मुंबईतील बिल्डरांना मिळालेले सिमेंट आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित न्यासांना मिळालेल्या देणग्या ह्यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेन्टिन ह्यांनी जानेवारी १९८२ च्या निकालात जोडला आणि मुख्यमंत्री बॅ. अंतुले ह्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षे निरनिराळ्या न्यायालयांत फिरला. त्यात दोषसिद्धी झाली नाही. आमचा मुद्दा व्यक्तीचा नाही. सिमेंटवरील नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. आज सिमेंटच्या गोणीसाठी कोणी मंत्रालयाची पायरी चढतो काय? टेलिफोनच्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षे यादीत थांबत, ओळखी काढत; आज तीही गरज उरली नाही. ह्या काळात माणसे सज्जन झाली असे नव्हे. ज्या जागी लाच घेता येत होती, ती जागाच नाहीशी झाली.

मात्र ह्यावरून 'सर्व काही खाजगी करा म्हणजे भ्रष्टाचार संपेल' असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. सिमेंट बाजारात मिळते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, जातीचा दाखला बाजारात मिळत नाही आणि मिळूही नये. गोरगरिबांना शासन हवेच आहे. म्हणून जेथे शासन राहणारच, तेथे मर्जीला लगाम घालणे भाग आहे.

हेच तिसरे कारण, मर्जी. नियमात 'अधिकाऱ्याची खात्री पटल्यास' असे शब्द आले की समजावे, येथे दार किलकिले ठेवले आहे. खात्री कशाने पटावी, हे लिहिलेले नसेल तर ती पैशानेही पटते. नकार देताना लेखी कारण द्यावे लागत नसेल, तर नकार हेच कमाईचे साधन होते.

चौथे कारण किचकट पद्धत. आपल्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा पुरावा आणि त्यावर पुन्हा जात वैधता प्रमाणपत्र. एका कागदासाठी दुसरा कागद, दुसऱ्यासाठी तिसरा. वाट कठीण झाली की वाटाड्या आपोआप उभा राहतो. कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला एजंट हा ह्या किचकटपणाचाच पुत्र आहे. तो अर्ज लिहून देण्याचे पैसे घेतो आणि आतल्या टेबलाचेही घेतो. आतला माणूस मात्र 'आम्ही कधी कोणाकडे मागितले?' असे म्हणायला मोकळा राहतो. आता शिष्यवृत्तीची व निराधारांची रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. मधला एक हात कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण पैसा खात्यात येण्यापूर्वी जे दाखले लागतात, त्यांच्या टेबलांवरचे हात अजून तेथेच आहेत.

समितीच्या ह्या चार कारणांत आम्ही आणखी तीन घालू इच्छितो.

त्यातील पहिले गुप्तता. १९२३ सालचा गोपनीयतेचा कायदा इंग्रजांनी केला तो रयतेपासून कारभार लपवण्यासाठी. इंग्रज गेले, पण फाइल झाकून ठेवण्याची वृत्ती राहिली. राजस्थानात दुष्काळी कामांवर मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती. तेथील मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. जे कामावर कधी गेलेच नव्हते त्यांच्या नावापुढे मजुरी दिल्याची नोंद निघाली. हजेरीपट लिहिणाऱ्याला ठाऊक होते की हा कागद गावातले कोणी पाहणार नाही. त्याचे सारे धाडस त्यातच होते. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. अशा प्रयत्नांतून, महाराष्ट्राच्या २००२ च्या कायद्यानंतर, २००५ साली माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा झाला. शाळेची पाटी न पाहिलेल्या मजुरांनी मागितलेला हा कायदा आहे, हे शिकलेल्यांनी विसरू नये.

दुसरे कारण वरून येते. निवडणुकीचा खर्च. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवारासाठी ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवारासाठी ९५ लाख रुपयांची मर्यादा २०२२ साली ठरवण्यात आली. पक्षाच्या खर्चाला मात्र अशी मर्यादा नाही. हा पैसा येतो कोठून? कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ साली बंदी घातली, ती १९८५ साली उठवली. २०१८ साली निवडणूक रोखे आणले. त्यात कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळण्याची सोय नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. जो पैसा लपून येतो, तो परतफेड मागतो. ती परतफेड ठेक्यातून, परवान्यातून आणि बदल्यांतून होते. बदलीसाठी ज्याने पैसे मोजले, तो नव्या जागी बसल्यावर ते वसूल करणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

ह्या वरच्या व्यवहाराची खूण म्हणजे तोंडी आदेश. बँकेत व्हाउचरशिवाय पैसा हलत नाही. शासनात एका फोनवर कोट्यवधी हलू शकतात. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे भाग विकत घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न धसास लावला. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांची नेमणूक झाली आणि त्यांनी ती उघड्यावर, लोकांच्या देखत केली. संमती कोणी दिली, ह्यावर मंत्री एक सांगत आणि सचिव दुसरे. छागलांनी निर्वाळा दिला की, सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवावेत. पंचावन्न वर्षांनी हे न्यायालयाला सांगावे लागते, ह्यातच सर्व आले.

तिसरे कारण शिक्षेची अनिश्चितता. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९४७ साली झाला, १९८८ साली नव्याने केला आणि २०१८ साली सुधारला. कायदे कमी नाहीत. परंतु खटला भरण्यापूर्वी वरिष्ठांची मंजुरी हवी, मंजुरी मिळाली तर साक्षीदार टिकायला हवा, तो टिकला तर तारखा संपायला हव्यात. तोवर आरोपी निवृत्त होतो. शिक्षा कडक असण्यापेक्षा ती नक्की होणार, ह्याची भीती जास्त असते.

येथे कोणी म्हणेल, पगार कमी म्हणून लाच घेतात. पोट भरत नसेल तेथे हे काही अंशी खरे आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात, चोर-लुटारूंना नुसत्या शिक्षेने आवर बसत नाही; शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला योग्य वेतन दिले पाहिजे, असा सल्ला राजाला दिलेला आहे. शिक्षेआधी कारण शोधा, ही त्यातील दृष्टी आजही मोलाची आहे. पण पाचवा वेतन आयोग १९९६ पासून, सहावा २००६ पासून, सातवा २०१६ पासून लागू झाला. पगार वाढले, लाचेचे दरही वाढले. ज्याच्या टेबलावर दुसरी किल्ली नाही, त्याला पगारवाढ थांबवू शकत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. बोचेल, पण घरचेच आहोत म्हणून बोलतो.

लाचेचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. ठेकेदार दिलेली लाच बिलात लावून वसूल करतो, म्हणजे रस्त्यातले डांबर कमी होते. व्यापारी ती मालाच्या किमतीत घालतो. पण दाखल्यावाचून प्रवेश हुकलेला विद्यार्थी ती कोठून वसूल करणार? संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी हेलपाटे घालणारी विधवा ती कोणाकडून घेणार? ज्याला शासनाची गरज जास्त, त्याला भ्रष्टाचाराचा मार जास्त. म्हणून हा प्रश्न इतर कोणापेक्षा आपला आहे.

आपल्यातील कोणी अधिकारी सापडला की, 'आरक्षणातून आलेले असेच' असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांना शांतपणे उत्तर द्यावे. मुंदडा प्रकरणात कोणते आरक्षण होते? तेरा हजार कोटींच्या घोटाळ्यात कोणते होते? लाच जात पाहत नाही, संधी पाहते. पण हे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला केव्हा राहतो? आपल्या माणसाने घेतली तेव्हाही आपण तिला लाचच म्हटले, तर. 'बाकीच्यांनी घेतली तेव्हा कोठे होता?' असे विचारत आपण त्याच्यामागे उभे राहिलो, तर तो अधिकार गेला. त्याने ज्याच्याकडून घेतली, तो बहुधा आपलाच कोणी गरीब असतो, हे तरी ध्यानात घ्यावे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले की, राज्यघटना कितीही उत्तम असली तरी तिचे बरेवाईट ती राबवणाऱ्यांवर अवलंबून राहील; आणि राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते. आम्ही टेबलावर एवढा भर दिला, तो ह्या इशाऱ्याच्या विरुद्ध जातो असे कोणास वाटेल. तसे नाही. दुसरी किल्ली आपोआप तिजोरीला लागत नाही. ती घेऊन वेळेवर हजर राहणारा माणूस लागतो. माहितीचा कायदा आहे, पण अर्ज करणारा लागतो. म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

विद्यार्थी मित्रहो, कोणताही अर्ज दिला की पोच घ्या आणि त्यावर तारीख व शिक्का पाहा. महाराष्ट्रात २०१५ सालच्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. २००५ सालच्या, बदल्या आणि दिरंगाईसंबंधीच्या राज्याच्या कायद्यात, कोणत्याही टेबलावर फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे म्हटले आहे. आपली फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडली, हे दहा रुपयांच्या माहिती अर्जाने विचारता येते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेवढीही फी नाही. कोणी पैसेच मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. देण्यापूर्वी तक्रार करा. कारण २०१८ पासून लाच देणे हाही गुन्हा आहे. ज्याला द्यायला भाग पाडले, त्याने सात दिवसांत कळवले तरच कायदा त्याला संरक्षण देतो.

सभासद बंधू-भगिनींना एक विनंती. आपल्यात निवृत्त तलाठी आहेत, शिक्षक आहेत, कचेऱ्यांतले कर्मचारी आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ ह्याच सभागृहात बसून त्यांनी मुलांचे अर्ज भरून द्यावेत, कोणता कागद लागतो ते सांगावे. झाडाखालच्या एजंटाला दुसरा पर्याय नाही.

आणि मंडळाचा जमाखर्चही दरवर्षी ह्या सभागृहाच्या फलकावर लावावा. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातोच; तो सभासदांनाही दिसावा. देणगी कोणी दिली, जाहिरात कोणत्या ठेकेदाराची घेतली, तिचा पैसा कोठे खर्च झाला, हे शाळकरी मुलानेही उभे राहून विचारावे आणि पदाधिकाऱ्यांनी न रागावता उत्तर द्यावे. जो मुलगा येथे हिशेब विचारायला शिकेल, तो उद्या तहसील कचेरीतही विचारील. आणि जो येथे हिशेब द्यायला शिकेल, तो उद्या अधिकारी झाल्यावर फाइल झाकून ठेवणार नाही.